एका लिटरात अख्खी विहीर

एक लिटर पेट्रोल. पाण्याच्या साध्या बाटलीत मावेल एवढं, वजनाला पाऊण किलो, किमतीला शंभर रुपयांच्या थोडं वर. त्यात ऊर्जा किती असते? घरातल्या विजेच्या मीटरवर जी युनिटं पडतात, त्या हिशेबाने सुमारे ९ युनिटं. नऊ म्हटल्यावर कुणी दचकत नाही. म्हणून हा आकडा घेऊन आधी विहिरीवर जाऊ.

६ मीटर व्यासाची, १२ मीटर खोल विहीर डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे शेतात असते तशी. ती काठोकाठ भरली तर आत पाणी मावतं ३ लाख ३९ हजार लिटर. हे सगळं पाणी, तळाच्या शेवटच्या बादलीपर्यंत, काठावर आणायला ऊर्जा लागते साडेपाच युनिटं. आणि बाटलीत आहेत नऊ! एक अख्खी विहीर रिकामी करा, दुसरी निम्म्याहून जास्त उपसा, तेव्हा कुठे ते एक लिटर संपेल. माणसाच्या हिशेबात सांगायचं, तर मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या जेवणात सव्वादोन युनिटांच्या आसपास ऊर्जा असते. म्हणजे या बाटलीत एका माणसाचं चार दिवसांचं जेवण आहे. आणि आपली छोटी मोटार ते वीस किलोमीटरांत पिऊन टाकते!

आता चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीला चला. गडचांदूर सोडलं, अमलनाल्याची बाजू मागे पडली की माणिकगडच्या डोंगराचा चढ लागतो. सपाटीवर चौथ्या गिअरमध्ये गुणगुणणारं इंजिन दुसऱ्यावर येतं, आवाज चढतो, तापमानाचा काटा वर सरकतो. मे महिन्यात, चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना, वर पोचलेली एखादी जुनी काळी-पिवळी जीप नीट बघा. ड्रायव्हर उतरून आधी बॉनेट उघडतो. आतून तोंड भाजेल असा झोत येतो. लोखंड टिकटिक वाजत असतं. सायलेन्सरच्या नळीवर पाण्याचा थेंब पडला तर चर्र होऊन जागच्या जागी नाहीसा होतो. ही आच आली कुठून? टाकीतून आली. तिचे पैसे पंपावर रोख मोजून दिलेले आहेत.

किती पैसे? शंभरातले ऐंशी.

पेट्रोलच्या साध्या मोटारीत टाकीतल्या १०० भागांपैकी ढोबळमानाने २० भागच चाकांपर्यंत पोचतात. तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून जातो, जवळजवळ तेवढाच रेडिएटरमधून जातो, आणि उरलेला इंजिन-गिअरबॉक्सच्या आतल्या घर्षणात आणि सिग्नलला उभं राहून धडधडण्यात जातो. का, ते शास्त्रज्ञांवर सोपवू. उष्णतेवर चालणाऱ्या कुठल्याही यंत्राला निसर्गाने हे बंधन घातलेलं आहे आणि ते पूर्ण तोडता येत नाही. पण सैल करता येतं. किती सैल, ते पुढे येईलच. आधी ऐंशी म्हणजे केवढं, ते मोजू.

मुंबई-पुणे घ्या. दीडशे किलोमीटर, साडेसात लिटर पेट्रोल. त्यातलं दीड लिटर मोटार पुढे नेतं आणि सहा लिटर हवा तापवतं. सहा लिटर म्हणजे ५४ युनिटं, एखाद्या लहान घराची महिन्याभराची वीज. ही आच पातेल्याखाली लावता आली असती तर सहाशे लिटर पाणी उकळलं असतं. सहा हजार कप चहा! एका मोटारीच्या एका खेपेत, आणि तीही एकाच बाजूची! द्रुतगती मार्गावर पुढे-मागे दिसणाऱ्या प्रत्येक मोटारीला हाच हिशेब लावा आणि मग सुट्टीच्या दिवशी घाटातली ती रांग आठवून बघा.

पण जरा थांबा. ते दीड लिटर तरी तुमच्यासाठी खर्च झालं का? मोटारीचं वजन धरू ९०० किलो, तुमचं ७०. चाकांपर्यंत पोचलेल्या ताकदीतले ९३ टक्के मोटारीने स्वतःला हलवण्यात घालवले, तुमच्या वाट्याला आले सात. विसाचे सात टक्के म्हणजे १.४. शंभर रुपयांचं पेट्रोल टाकलंत, त्यात तुमचा देह जागचा हलवायला लागला एक रुपया चाळीस पैसे! ९८ रुपये ६० पैसे लोखंडाला, काचेला आणि हवेला.

म्हणूनच डोंगर चढून येणारी एसटीची लालपरी मला नेहमी थोर वाटते. तिचं इंजिन काही जादूचं नाही. डिझेलच्या लिटरला ती पाचेक किलोमीटर जाते, म्हणजे मोटारीच्या मानाने खादाडच. पण आत ४५ माणसं बसलेली असतात. पाच गुणिले पंचेचाळीस म्हणजे २२५. एका लिटरात एक माणूस २२५ किलोमीटर जावा, एवढं काम ती करते. एकट्याने चालवलेल्या मोटारीचा आकडा २०. अकरा पटीचा फरक! आणि अख्ख्या एसटी महामंडळाला रोज डिझेल लागतं दहा लाख लिटरांहून अधिक. आपल्या मापाने रोज तीन विहिरी. एसटीत ही बचत ‘केपीटीएल’मध्ये मोजतात, म्हणजे दहा लिटरांत किती किलोमीटर. राजुरा आगारापासून मुंबईपर्यंत प्रत्येक ड्रायव्हरने शंभरात फक्त दोन लिटर वाचवले, तर रोजचे वीस हजार लिटर, रोजचे अठरा लाख रुपये, वर्षाचे पासष्ट कोटी. पायाच्या अंगठ्याखालच्या दाबात पासष्ट कोटी रुपये!

आता हवेकडे वळू. हवेला वजन असतं हे शाळेत शिकलो आणि विसरलो. मोटारीचं तोंड साधारण दोन चौरस मीटरांचं. एक किलोमीटर पुढे जायला तिला दोन हजार घनमीटर हवा बाजूला सारावी लागते, आणि त्या हवेचं वजन भरतं सव्वादोन टन. किलोमीटरला सव्वादोन टन! स्वतः एक टनाची मोटार दर किलोमीटरला आपल्या दुपटीहून जास्त वजनाची हवा ढकलत जाते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत एका मोटारीने सारलेली हवा दीड हजार टनांहून अधिक होते. मालगाडीचे तीस भरलेले डबे! आणि वेग वाढवलात की ही हवा आणखी हट्टी होते. ताशी ८० ऐवजी १२० ने गेलात तर वेग झाला दीडपट, हवेचा विरोध झाला सव्वादोन पट. समृद्धीवर १२० ची मुभा आहे, पण त्या मुभेची किंमत टाकी देते.

ब्रेकचा हिशेब छोटा आहे, पण मला तो सगळ्यांत जास्त चटका लावतो. एक टनाची मोटार ६० च्या वेगावरून थांबवा. तिच्या अंगातला सगळा वेग ब्रेकच्या पट्ट्यांत उष्णता होऊन जातो. तो वेग कमवायला पेट्रोल लागलेलं असतं १६ मिलिलिटर, खोकल्याच्या औषधाच्या टोपणाएवढं. पावणेदोन रुपये. एक गतिरोधक, एक टोपण. पुढचा गतिरोधक, दुसरं टोपण. गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यावर असे शंभर गतिरोधक लागले आणि प्रत्येकावर मोटार जवळजवळ थांबवावी लागली, तर दीड लिटरांहून जास्त पेट्रोल निव्वळ थांबण्यात गेलं. लांबून बघून आधीच पाय काढला आणि मोटार आपली आपण मंदावू दिली, की टोपणाचा बराचसा भाग टाकीतच राहतो. फाटकाजवळ इंजिन चालू ठेवून उभं राहिलात तर मिनिटाला दहा मिलिलिटर. दहा मिनिटांचे दहा रुपये. एसी चालू असेल तर त्याहून जास्त.

चढाचं गणित वेगळं आहे आणि फार सुंदर आहे. एक टन वजन शंभर मीटर उंच न्यायला पाव युनिटाच्या जरा वर ऊर्जा लागते. पेट्रोलच्या इंजिनाने ती द्यायची तर सुमारे १२० मिलिलिटर, बारा रुपये. बोरघाट चढून सव्वासहाशे मीटरांवरच्या लोणावळ्याला पोचायला, निव्वळ उंचीपोटी, पाऊण लिटर. पण गंमत अशी की हे पेट्रोल वाया गेलेलं नसतं! ते उंचीच्या रूपाने शिल्लक असतं. डोंगरावर चढवून ठेवलेली मोटार म्हणजे टाकीबाहेर साठवलेलं पेट्रोलच. ते परत घ्यायचं की ब्रेक तापवून घालवायचं, हे उतरताना ठरतं. आणि इथे आपल्याकडचे कितीतरी ड्रायव्हर फसतात. उतारावर न्यूट्रल मारलं की पेट्रोल वाचतं, असा पक्का समज आहे. आजकालच्या मोटारीत होतं नेमकं उलटं. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाचं पेट्रोल पूर्ण बंद होतं. चाकंच इंजिन फिरवत राहतात. थेंब जळत नाही. न्यूट्रलला टाकलीत की इंजिन जिवंत ठेवायला मिनिटाला दहा मिलिलिटर पुन्हा सुरू, आणि वर सगळा भार ब्रेकवर. घाटात ते जिवावर बेतू शकतं. गिअरमध्ये उतरा, जीवही राहतो, पेट्रोलही राहतं.

आता श्वास घ्या, कारण एक मोटार सोडून आपण अख्ख्या देशाकडे निघालो आहोत.

२०२४-२५ या वर्षात भारतात पेट्रोल खपलं सुमारे ४ कोटी टन. यात मोटारी आल्या, रिक्षा आल्या, आणि दुचाकींचा मोठा हिस्सा आला. डिझेल यात धरलेलंच नाही. ते याच्या दुपटीहून जास्त आहे. ४ कोटी टन म्हणजे ५,४०० कोटी लिटर. सेकंदाला १,७०० लिटर! सव्वातीन मिनिटांत आपली एक विहीर काठोकाठ. हा लेख वाचायला दहा-बारा मिनिटं लागली, तर तेवढ्यात तीन विहिरी पेट्रोल जळून गेलं. शंभर रुपये भाव धरला तरी सेकंदाला १ लाख ७० हजार रुपये.

रेल्वेने मोजू. बल्लारशाच्या फलाटावरून टँकरच्या डब्यांची लांबलचक मालगाडी जाताना आपण पाहतो. ५० डबे धरू, डब्याला ढोबळ ५० टन. देशाची पेट्रोलची तहान भागवायला अशा गाड्या लागतील रोज ४४. रोज! दर ३३ मिनिटांनी एक, दिवसरात्र, वर्षभर. आणि त्या ४४ मधल्या ३५ गाड्या भरून आणायच्या, पंपापंपांवर पोचवायच्या, पैसे मोजून विकत घ्यायच्या आणि सायलेन्सर-रेडिएटरमधून हवेत सोडून द्यायच्या. कच्च्या तेलाचा शंभरातला पंच्याऐंशीहून जास्त हिस्सा आपण परदेशातून आणतो, हे लक्षात घेऊन तो ३५ चा आकडा पुन्हा एकदा वाचा.

आणि विहिरी? ५,४०० कोटी लिटर म्हणजे जवळजवळ १ लाख ६० हजार विहिरी. त्या काठाला काठ लावून एका रांगेत खणू. समृद्धी महामार्गाच्या मुंबईकडच्या टोकाला, भिवंडीजवळच्या आमण्यापासून सुरुवात. सहा मीटरला एक विहीर, पेट्रोलने काठोकाठ. रांग सह्याद्री चढते, इगतपुरी मागे टाकते, शिर्डी ओलांडते, मराठवाडा आणि वऱ्हाड कापून नागपूरला पोचते. ७०१ किलोमीटर झाले, विहिरी संपलेल्या नाहीत! तिथून दक्षिणेला वळते, जाम, वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, राजुरा, गडचांदूर, आणि माणिकगडचा डोंगर चढून जिवतीच्या पठारावर येते. साडेनऊशे किलोमीटर. एका वर्षाचं पेट्रोल.

यातल्या चाकं फिरवणाऱ्या विहिरी कुठपर्यंत? आमण्यापासून १९० किलोमीटर. शिर्डीच्या दहा किलोमीटर पुढे गेलं की त्या संपल्या. तिथून थेट जिवतीपर्यंत, साडेसातशे किलोमीटरांहून जास्त अंतरात, प्रत्येक विहीर फक्त हवा तापवायला!

ही आच आमच्या चंद्रपूरच्या मापाने सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथलं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. त्याच्या चिमण्या किती लांबून दिसतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. हे केंद्र एक क्षणही न थांबता वर्षभर पूर्ण ताकदीने चाललं तर जेवढी युनिटं वीज तयार होईल, तशी पंधरा केंद्रं घ्या. तेवढी युनिटं आपली पेट्रोलची वाहनं दरवर्षी नुसती उष्णता म्हणून सोडतात. उष्णतेचं युनिट आणि विजेचं युनिट तोलामोलाचं नाही, हे खरं. पण पंधरा वीज केंद्रं!

आता ते बंधन सैल करण्याचा भाग. शंभरातल्या २० ऐवजी २५ भाग चाकांना मिळाले, तर तेवढंच अंतर जायला पाचवा हिस्सा पेट्रोल कमी लागेल. फक्त पाच भागांची सुधारणा! विहिरींची रांग ९५६ किलोमीटरांवरून ७६५ वर येईल. ती नागपूर ओलांडेल, पण जामच्या अलीकडेच थांबेल. वाचल्या ३२ हजार विहिरी. वाचले एक लाख कोटी रुपये. रोजच्या ४४ मालगाड्यांतल्या नऊ आणाव्याच लागणार नाहीत. चाकांतली हवा पाव हिस्सा कमी असली तर अडीच टक्के पेट्रोल जास्त जळतं, असं धरू. समजा देशातल्या सगळ्याच गाड्यांची हवा तेवढी कमी आहे. मग नुसत्या हवेपायी चार हजार विहिरी, साडेतेरा हजार कोटी रुपये. आणि पंपावर हवा भरायला लागतात पाच मिनिटं.

इंजिनंही सुधारत आहेत. हायब्रिड मोटारींतल्या उत्तम पेट्रोल इंजिनांनी शंभरातले ४० भाग कामाला लावून दाखवले आहेत. मारुतीची ग्रँड व्हिटारा २०२२ मध्ये हायब्रिड रूपात आली, तिचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. ब्रेक दाबला की ती औषधाची टोपणं बॅटरीत परत भरते. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये एक्सएल१ नावाची मोटार काढली. ८०० किलोच्या आत वजन, पाण्याच्या थेंबासारखा आकार, आणि लिटरभर डिझेलमध्ये १११ किलोमीटर! मुंबई-पुणे एक लिटर ३५० मिलिलिटरमध्ये. फक्त अडीचशे बनवल्या, महागही होत्या, पण बनल्या आणि रस्त्यावर धावल्या.

आणि मग स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या विद्यार्थ्यांची पॅक-कार टू. साल २००५. वजन २९ किलो, गव्हाच्या अर्ध्या पोत्याएवढं. आत एक जण आडवा झोपून चालवतो, वेग आपल्या मोपेडएवढा, इंधन हायड्रोजन. एक लिटर पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते तेवढ्यात ती किती गेली असती, तर ५,३८५ किलोमीटर! ३६ मुंबई-पुणे! आमण्यापासून जिवतीपर्यंतची ती विहिरींची रांग आठवते? ती गाडी त्या रांगेच्या काठाने जाऊन-येऊन अडीचहून जास्त फेऱ्या मारेल, एका बाटलीत, शंभर-सव्वाशे रुपयांत!

पण जिवतीच्या डोंगरासाठी मला त्याहून मोठी वाटते ती स्वित्झर्लंडचीच दुसरी गाडी. ती मोटार नव्हे, खाणीतला डंपर. बील शहराजवळच्या सिमेंट कंपनीच्या खाणीत, डोंगरावर चुनखडीचा दगड आणि पायथ्याला कारखाना. डंपर रिकामा ४५ टन, भरलेला ११० टन. दर शंभर मीटरला हिशेब करू: रिकामा वर चढायला १२ युनिटं, भरून खाली येताना हाताशी ३० युनिटं! डिझेलचा डंपर ही तीस युनिटं ब्रेक लाल करून फेकून देतो. हा विजेवरचा डंपर उतरताना मोटरलाच जनित्र करतो आणि ६०० युनिटांची बॅटरी भरत येतो. त्या भरल्या बॅटरीवर परत वर जातो. आणि संध्याकाळी बॅटरीत वीज उरते! दिवसाला दोनशे युनिटांपर्यंत उरते. इंधन न भरता चालणारी, उलट वीज देणारी ११० टनांची गाडी!

माणिकगडच्या डोंगरातही चुनखडक आहे. पायथ्याला गडचांदूरला सिमेंटचे कारखाने आहेत. २० लाख टन सिमेंटला ३० लाख टन दगड लागतो असं धरा. तेवढा दगड शंभर मीटर खाली उतरला की त्यातून सुटणारी ऊर्जा होते ८ लाख युनिटं. गळती, घर्षण, रिकाम्या गाडीचा चढ, सगळं वजा करून दहावाच हिस्सा हाती लागला, तरी ८० हजार युनिटं. विजेवरची छोटी मोटार एका युनिटात सात किलोमीटर जाते. ८० हजार गुणिले सात, ५ लाख ६० हजार किलोमीटर. पृथ्वीला चौदा फेऱ्या. मुंबई-पुणे ३,७०० खेपा. चंद्र इथून ३ लाख ८४ हजार किलोमीटरांवर आहे. मोटार चंद्रावर पोचून जवळजवळ अर्ध्या वाटेपर्यंत परत आलेली असेल. आणि हे फक्त शंभर मीटर उताराचं, एका वर्षाचं, दहाव्या हिश्श्याचं!